साठ सेकंदांचा आकडा

दि. ६ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, नेहमीपेक्षा जरा कोरडे. मनच थाऱ्यावर नाही.

तुझे तीन फोन येऊन गेलेले दिसले. उचलले नाहीत, आणि ह्यापुढेही उचलणार नाही. काय असेल ते पत्राने कळव. फोन ह्या वस्तूचा मला वीट आला आहे.

घात झाला, ठमे. गेल्या मंगळवारी दुकानाच्या खात्यातली सगळी पुंजी कुणीतरी काढून नेली. डोळे तपासायचं नवं यंत्र घ्यायचं म्हणून सहा वर्षं मागे टाकत होतो. तू चिडवायचीस की दादाचं यंत्र येईपर्यंत गिऱ्हाईकं आंधळी होतील. आता चिडवायलाही काही शिल्लक नाही.

बँकेत गेलो. मॅनेजर पाठ केल्यासारखा बोलला की लॉगिन टोकनने झालं, आकडे बरोबर होते, टोकन तुमचं, तेव्हा जबाबदारी तुमची. टोकन म्हणजे ते बोटाएवढं करडं यंत्र, बटण दाबलं की सहा आकडे दाखवतं. ते असतं गल्ल्याशेजारच्या खणात, आणि त्या खणाला हात लावणारी माणसं दोनच. एक मी, दुसरी काटेकोर.

एकोणीस वर्षं ती माझ्याकडे भिंगं बसवते आहे. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर तिला अन्न गोड लागत नाही, म्हणून तर मीच तिला हे नाव दिलं. तिनेच केलं. खणात तिच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली, वर सहा आकडे. टोकनवरून उतरवून घेतलेले, दुसरं काय? शेजारचा शिंपी, छापखानेवाल्या बाई, औषधवाला, सगळे जमले होते. सगळ्यांदेखत ती चिठ्ठी बाहेर काढली. तिने दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि चालती झाली. एक शब्द बोलली नाही. खरी असती तर बोलली नसती का?

तू चौतीस वर्षं दुसऱ्या बँकेत काढलीस. पोलिसांत द्यायचा अर्ज तुझ्याइतका नीट कुणी लिहिणार नाही. तिचं नाव घालून लिही आणि लगेच पाठव. बँकेच्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे.

तुझ्या वहिनीचेही आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. १० मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. हात जोडलेत ते तू थोरला म्हणून. तुझं पत्र वाचून जोडावेसे वाटले म्हणून नव्हे.

अर्ज लिहिलेला नाही. लिहिणारही नाही. आधी तू खणात ठेवलेली ती वस्तू काय आहे ते समजून घे. सहा वर्षं वापरतोयस आणि तुला तिची बाराखडीही ठाऊक नाही. त्यात तुझा दोष निम्माच. आम्ही बँकवाले टोकन देतो, सही घेतो, आणि पुढच्या माणसाला हाक मारतो.

प्रत्येक टोकन बनवताना त्याच्या पोटात एक लांबलचक गुप्त संख्या घालतात. ती कुणाला दिसत नाही, तुलाही नाही. तिची एकच जोड बँकेच्या संगणकात असते, तुझ्या टोकनच्या पाठीवरच्या क्रमांकासमोर लिहिलेली. टोकनच्या पोटात आणखी एक वस्तू असते, साधं घड्याळ, मनगटावरच्यासारखंच. आता दर मिनिटाला टोकन काय करतं? ती गुप्त संख्या घेतं, त्या मिनिटाची वेळ घेतं, दोन्ही एका ठरलेल्या हिशेबाने एकत्र दळतं आणि पिठातून सहा आकडे काढतं. तिकडे बँकेचा संगणक त्याच क्षणी तेच दळण दळतो. दोघांमध्ये तार नाही, काही नाही. धान्य तेच, जातं तेच, म्हणून पीठ तेच. तू टाकलेला आकडा त्यांच्या आकड्याशी जुळला की दार उघडतं.

मिनिट सरलं की तो आकडा मेला. घड्याळं थोडी पुढेमागे होतात म्हणून बँक एखाद्या मिनिटाची सवलत देते, त्याहून जास्त नाही. एकदा वापरलेला आकडाही दुसऱ्यांदा चालत नाही. आणि शंभर जुने आकडे मांडून बसलास तरी पुढचा कोणता ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मग मला सांग, चिठ्ठीवर आकडा उतरवून घेऊन कोण काय करणार? शिळ्या आकड्याला कुत्रंही विचारत नाही! बँकेच्या पत्रात वेळ आहे, अकरा बेचाळीस. मंगळवारी सकाळी काटेकोर भिंगं घासणाऱ्यांच्या कारखान्यात जाते, हे मलासुद्धा माहीत आहे. टोकन तुझ्या खणात, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या मिनिटाचा आकडा तिच्याकडे उडत गेला का?

एकोणीस वर्षं, दादा. चार माणसांत. तुला लाज कशी वाटली नाही? चिठ्ठीवरचा आकडा कशाचा आहे ते कारखान्याच्या पावत्यांत शोध. आणि अकरा बेचाळीसला टोकन कुणाच्या हातात होतं, तेवढं कळव.

वहिनीला नमस्कार. माया पातळ झालेली नाही, उकळते आहे.

तुझी,
ठमी


दि. १४ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

मी तुला अर्ज मागितला होता, शिकवणी नाही. धाकट्या बहिणीने थोरल्याची लाज काढावी, हे आपल्या घरात पहिल्यांदाच झालं. परकी बाई तुला जवळची झाली, आणि ज्याने तुला सायकल शिकवताना स्वतःचा गुडघा फोडून घेतला तो खोटा!

टोकन खणात होतं. मी दुकानात होतो. गिऱ्हाईक होतं की नव्हतं ते आता आठवत नाही. माणसाला दर मिनिटाचा हिशेब ठेवता येतो का? ती कारखान्यात गेली होती हे तिचं म्हणणं. पावत्या मी पाहिल्या नाहीत आणि पाहणार नाही.

आणि तुझं ते जातं नि दळण मला सांगू नकोस. सगळं घड्याळावर चालतं म्हणतेस ना? माझ्या टोकनचं घड्याळ मुळात मागे पडलेलं होतं, जुळवून घ्यावं लागलं. मागे पडलेल्या घड्याळात शिळा आकडा चालत नसेल कशावरून? पुस्तकी बोलणं सोपं असतं. इथे चार माणसं रोज विचारतात की पोलिसांत कधी जाताय. शिंपी तर माझ्यासोबत यायला तयार बसला आहे. तुझा अर्ज आला नाही तर तोडकामोडका मीच लिहीन, आणि सोमवारी देऊन येईन.

तुझ्या वहिनीला ह्यातलं फार सांगितलेलं नाही. तूही लिहू नकोस.

तुझा,
दादा


दि. १६ मार्च

दादास,
नमस्कार. आज मायना लांबवायला वेळ नाही. पत्र सोमवारच्या आत मिळावं म्हणून कुरियरवाल्याला दारात थांबवून लिहिते आहे.

टोकनचं घड्याळ मागे पडलं होतं, हे तुला कुणी सांगितलं?

टोकनला काटे नसतात. त्याच्या तोंडावर वेळ दिसत नाही, फक्त सहा आकडे. घड्याळ मागे पडलं की गिऱ्हाइकाला एकाच रीतीने कळतं. आकडा नाकारला जातो, पुन्हा नाकारला जातो, मग माणूस चिडून आमच्या काउंटरवर येतो. तुझा आकडा नाकारला गेलेला नाही. आदल्याच दिवशी तू फ्रेमवाल्याचे पैसे ह्याच टोकनने पाठवलेस, नकलेत ती नोंद आहे. जुळवून घ्यावं लागलं म्हणतोस, ते काउंटरवर समोरासमोर होतं. बँक घरी फोन करून ते करत नाही. कुठलीही बँक नाही.

फोन का उचलत नाहीस, दादा?

सोमवारी पोलिसांत एका निरपराध बाईचं नाव दिलंस, तर मंगळवारी मी तिथे येऊन हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेवीन. रक्ताची आण घालू नकोस, उपयोग होणार नाही.

ठमी


दि. २१ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद द्यायचा मान राहिला असेल तर घे.

सोमवारी गेलो नाही. शिंप्याला पोट बिघडल्याचं सांगितलं.

त्या मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला फोन आला. आवाज गोड होता. मला साहेब म्हणाला. माझं नाव, दुकानाचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, सगळं त्यानेच सांगितलं. म्हणाला की तुमच्या टोकनचं घड्याळ मागे पडलं आहे, आज जुळवून घेतलं नाही तर खातं बंद होईल, मग शाखेत खेटे घालावे लागतील. तुमच्यासारख्या वयाच्या माणसाला त्रास नको म्हणून मीच फोन केला, असंही म्हणाला. पासवर्ड बदलायला एक पान पाठवलं, मी त्यात जुना पासवर्ड टाकला. मग म्हणाला, बटण दाबा आणि आकडा वाचा. मी वाचला. थांबायला सांगितलं. पुन्हा वाचायला सांगितला. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा त्याने माझे आभार मानले आणि चष्म्याच्या काड्या सैल होतात त्यावर उपाय विचारला. मी त्याला उपाय सांगितला, ठमे. माझं घर लुटणाऱ्याला मी स्क्रू घट्ट कसा करायचा ते समजावून देत होतो.

दुपारी कळलं. काटेकोर कारखान्यातून परत आली, माझा चेहरा बघून काय झालं विचारलं. मी म्हणालो, पैसे गेले. तिने विचारलं, फोन कुणाचा आला होता का? म्हणजे तिच्या मनात बरोबर तेच आलं. मी नाही म्हणालो. एकदा नाही म्हटलं आणि तिथेच पाय घसरला. शेजारी जमले. मी काहीच बोललो नव्हतो, खरंच. औषधवाला म्हणाला की खणाला हात आणखी कुणाचा लागतो? मग शिंप्याने खण उपसला, चिठ्ठी निघाली, तिचंच काम ना, म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला एवढंच वाटलं की आता माझ्याकडे बघणं थांबेल. मी मान हलवली.

ती माझ्याकडे बघत होती तेव्हा मी चष्मा पुसत बसलो.

पावत्या काल काढल्या. तो आकडा कारखान्याच्या ऑर्डरचा आहे.

आता तू काय म्हणशील ते म्हण.

दादा


दि. २५ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. ह्या वेळी खरा, कारण तू लिहिलंस.

पण म्हणायचं ते म्हणतेच. फसलास ह्याचा मला राग नाही. तो माणूस दिवसभर तेच काम करतो, त्याचा हात बसलेला असतो. टोकनची कडी कुणी तोडली नाही, तुझ्याच हाताने काढून घेतली. तू आकडा वाचलास त्याच मिनिटाला त्याने तिकडे तुझ्या खात्यात टाकला. पहिला आत शिरायला, दुसरा स्वतःचं नाव जोडायला, तिसरा पैसे न्यायला. आकडा मिनिटभरच जगतो म्हणून तर त्याला तुला फोनवर धरून ठेवायचं होतं.

राग आहे तो मान हलवल्याचा. चोराने पैसे नेले. काटेकोरचं नाव तू घालवलंस, आणि तेही पुरतं शुद्धीवर असताना.

आता माझं ऐक. तुझ्यावर तोंड सोडलं, पण चार रात्री मलाही झोप नाही. टोकन तुमचं, जबाबदारी तुमची, हे वाक्य मी बारा वर्षं काउंटरवर बसून म्हटलं आहे. एकदा एक निवृत्त मास्तर माझ्यासमोर उभे होते, त्यांचंही खातं असंच रिकामं झालं होतं. मी त्यांना पाणी दिलं, फॉर्म सरकवला आणि तेच वाक्य म्हटलं. आकडा कुणालाही वाचून दाखवायचा नाही, आमच्या माणसालाही नाही, हे टोकनच्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असायचं. तोंडाने सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी एकालाही सांगितलं नाही. रांग मोठी असायची.

सोबत अर्ज पाठवते आहे. त्यात आकडा वाचणाऱ्याच्या जागी तुझं नाव आहे. बँकेसाठी दुसरा आहे. न पाहिलेल्या संगणकावरून कुणी शिरतं, पाच मिनिटांत नवं नाव जोडतं आणि खातं रिकामं करतं, तरी तुमची यंत्रणा डोळे मिटून बसते, ते का? एवढंच विचारलं आहे. दोन्ही सही करून दे.

काटेकोरला पत्र लिही. तिच्या दारात जाऊन रडू नकोस. तू रडलास की तुझी समजूत तिलाच काढावी लागेल. आणि आज वहिनीला सांग. तू खोटं बोलताना चष्मा पुसतोस, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे. ती वाट बघत असेल.

उकळी थोडी बसली आहे. माया होती तिथेच आहे.

तुझी,
ठमी


दि. ७ एप्रिल

मालकांस,
नमस्कार. त्याआधीचा सप्रेम मुद्दाम गाळला आहे.

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. त्यात गैरसमज हा शब्द चार वेळा आला आहे. गैरसमज शिंप्याचा झाला, छापखान्याच्या बाईंचा झाला. तुमचा झाला नव्हता. तुम्हाला माहीत होतं. आधी ते नीट लिहायला शिका.

मी त्या दिवशी बोलले का नाही, असं तुम्ही विचारता. एकोणीस वर्षं ज्याच्या शेजारी बसून काम केलं त्याला मी चोर नाही हे पटवून द्यायचं म्हणजे माझं काम फुकटच गेलं म्हणायचं. म्हणून किल्ली ठेवली.

चिठ्ठीवरचा आकडा तुमच्या पत्नीच्या भिंगांच्या ऑर्डरचा होता. त्यांना वाचताना त्रास होतो, तुम्हाला सांगून दोन महिने झाले तरी तुम्ही मनावर घेतलं नव्हतं, म्हणून मीच टाकली. भिंगं कारखान्यात तयार आहेत. घेऊन या.

महिनाभर काम शोधते आहे. तीन दुकानांत गेले. तिन्ही ठिकाणी माझ्याआधी बातमी पोचलेली होती. एकाने तर मी उभी असताना गल्ल्याला कुलूप लावलं.

परत या म्हणता. येणार नाही. दोन गोष्टी मात्र हव्यात. एक, एकोणीस वर्षांच्या कामाचा दाखला, तुमच्या सहीने. दुसरी, ज्यांच्यासमोर मान हलवलीत त्यांच्यासमोर ती खाली घाला. सगळ्यांना एकदम बोलावून नको, एकेकाच्या दुकानात जाऊन. मला माहीत होतं की ती निरपराध आहे, हे शब्द वापरा. दुसरे चालणार नाहीत. त्या तीन दुकानांतही जा. पत्ते मागे लिहिले आहेत.

तुमचे पैसे गेले ह्याचं मला वाईट वाटतं. हे खरं आहे म्हणून लिहिलं. लोभाची मागणी नाही.

काटेकोर
(हे नाव तुम्हीच ठेवलेलं आहे.)


दि. १८ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि तुझे पाय धरता येत नाहीत ही थोरलेपणाची अडचण.

वहिनीला सांगितलं. ऐकून घेतलं, उठली, भांडी घासायला गेली. फसल्याचं तिला काहीच वाटलं नाही. दोन दिवसांनी एवढंच म्हणाली की काटेकोरच्या जागी मी असते तर तुम्ही माझ्यावरही मान हलवली असती. नवी भिंगं आणली, चष्म्यात मीच बसवली. तिरकी बसली.

काटेकोरच्या पत्राची नक्कल सोबत आहे. तिने मागितलेला दाखला दिला. काटेकोरने तारखेतली चूक काढून परत पाठवला, दुसरा लिहिला. मग फिरलो. आधी ती तीन दुकानं. तिसऱ्याने, गल्ल्याला कुलूप लावणाऱ्याने, ऐकून घेतलं आणि तिचा पत्ता मागितला. येत्या एक तारखेपासून ती तिथे जाणार आहे, माझ्यापेक्षा चांगल्या पगारावर. छापखान्याच्या बाई म्हणाल्या की उद्यापासून माझ्या दारात उभे राहू नका. शिंपी म्हणाला, झालं गेलं सोडा. मी म्हणालो, सोडायचं असेल तर ती सोडेल, तू कोण? पहिल्यांदाच त्याच्याशी आवाज चढवला.

शेवटी औषधवाला. काउंटरपलीकडे उभा राहून ऐकत होता. मला माहीत होतं की ती निरपराध आहे, हे म्हणून झालं. त्याने गिऱ्हाइकाला औषध देऊन वाटेला लावलं आणि शटर अर्धं ओढलं. मला वाटलं, आता हा मारतो.

फोनवरचा माणूस घड्याळ मागे पडलं आहे असं म्हणाला होता का, एवढंच त्याने विचारलं. दोन वर्षांपूर्वी त्यालाही तोच फोन आला होता, ठमे. तेच शब्द. त्यानेही आकडे वाचले, त्यानेही सांगितलं नाही. दुकानात तेव्हा त्याचा धाकटा भाऊ बसायचा. संशय आपोआप त्याच्यावर गेला, ह्याने जाऊ दिला. त्या दिवशी माझ्या दुकानात खणाला हात कुणाचा लागतो हे पहिल्यांदा त्यानेच विचारलं होतं. पाठ होतं ना! दोन वर्षांत दोघा भावांचं बोलणं नाही, धाकट्याला मुलगी झाली तिचं तोंड ह्याने पाहिलेलं नाही. मला इतका संताप आला की काउंटरवरची काचेची बरणी फोडावीशी वाटली. त्याच्यावर की माझ्यावर, ते कळत नव्हतं. माझ्यासमोरच त्याने दुकान बंद केलं आणि धाकट्याच्या गावची गाडी पकडली.

परवा परत आला. भावाने दार उघडलं, पण आत घेतलं नाही. मुलगी मात्र दारात आणून दाखवली.

काल आम्ही दोघं बँकेसाठीचा तुझा अर्ज आणि त्यावरून उतरवलेला त्याचा, असे दोन्ही घेऊन बँकेत गेलो. मॅनेजरने वाक्य सुरू केलं, टोकन तुमचं. पुढचे शब्द आम्हीच त्याला म्हणून दाखवले, सगळ्या शाखेला ऐकू जाईल असे. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. पैशांचं काय होईल देव जाणे. अर्ज घेतले, शिक्का मारून दिला. निघताना शिक्का मारणारी बाई खालच्या आवाजात म्हणाली की ह्या शाखेत ह्या वर्षातले तुम्ही अकरावे. बाकीचे तोंडी विचारून गेले, अर्ज कुणी दिलाच नाही. घरात कळू नये म्हणून.

म्हणजे आणखी कितीतरी घरं, ठमे. आणि तिथेही कुणीतरी विचारलं असेल, खणाला हात आणखी कुणाचा लागतो?

उद्यापासून सकाळी दहा ते बारा आम्ही दोघं बँकेच्या दाराशी उभे राहणार आहोत. टोकन घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तुझं ते अर्ध्या मिनिटाचं वाक्य तोंडाने सांगायचं, की आकडा कुणालाही वाचून दाखवू नका. मॅनेजरने हाकललं तर फुटपाथ त्याच्या बापाचा नाही. तुला रजा काढावी लागत नाही आता. येतेस का?

तुझा,
दादा